पाखरांकडे पाहायचे राहूनच गेले होते



कबुली ऐकणे हे माझे नेहमीचे काम. आज मात्र या पानावर मीच तुमच्यापुढे एक कबुली देणार आहे.

नोव्हेंबर महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका घरी प्रार्थनासभा होती. वाचन संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले होते. उद्याची चिंता करू नका, असे प्रभू येशू त्यात शिष्यांना सांगतो आणि उदाहरण देतो ते आकाशातल्या पाखरांचे. ती पेरणी करत नाहीत, कापणी करत नाहीत, कोठारे भरत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खाऊ घालतो. हा उतारा माझ्या आवडीचा. पंधरा-वीस मिनिटे मी रंगून बोललो. देवाच्या तरतुदीवर बोललो, सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना पाठ केलेले दोन-तीन मुद्दे सांगितले. सगळे माना डोलावत होते. शेवटी भिंतीला टेकून बसलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "फादर, पाखराईले सोसायटीचं कर्ज नसते."

कोणी हसले नाही. मीही हसलो नाही. "विश्वास ठेवा, भाऊ," एवढेच मी बोललो. तेवढ्यात चहा आला आणि मला सुटल्यासारखे वाटले. खरे तर त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते गृहस्थ त्यानंतर मिस्साला आले नाहीत. नाताळच्या रात्रीही त्यांची जागा रिकामी होती. मी ते पाहिले, आणि 'जाऊ एकदा त्यांच्याकडे' असे म्हणत दीड महिना काढला.

आता गेल्या मंगळवारची गोष्ट. कारंज्याला एका आजारी आजींना ख्रिस्तप्रसाद द्यायला गेलो होतो. सोबत आपले दोन वेदीसेवक होते. शाळेला सुट्टी होती, घरच्यांना विचारून दोघांना घेतले होते. आजींच्या घरी जेवण लवकर आटोपले. परत येताना मंगरूळपीरला पोचलो तेव्हा दोनच वाजले होते. संध्याकाळपर्यंत दुसरे काही काम नव्हते. धाकट्याच्या हातात शाळेच्या प्रकल्पाची वही होती, विषय 'आपल्या परिसरातील पक्षी'. तो म्हणाला, "फादर, काटेपूर्णाला जाऊ या ना. वहीत फक्त कावळा अन् चिमणीच झाले आहेत." मुलांच्या घरी फोन करून सांगितले आणि वाशिमकडे वळण्याऐवजी गाडी महानच्या रस्त्याला लावली. एवढाच काय तो आमचा बेत.

आपल्या जिल्ह्यात अभयारण्य म्हटले की आपल्याला कारंजा-सोहोळचे काळवीट आठवतात. काटेपूर्णा अभयारण्य अकोला आणि वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. ते १९८८ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. सागाचे कोरडे जंगल, त्यात चौसिंगा आणि भेकर. महानजवळ काटेपूर्णा नदीवर धरण आहे, अकोला शहर त्याच धरणाचे पाणी पिते. धरण माणसांसाठी बांधले, पण पाणी साठल्यावर पाखरांनीही ते आपले मानले. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरची कथा अशीच आहे. गोदावरीवर बंधारा बांधला, मागे गाळ साचत गेला, गाळात पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ साली ते अभयारण्य झाले, आणि पुढे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जगाच्या यादीत गेले.

आम्ही पाण्याच्या काठाशी एका झाडाखाली बसलो. दुर्बीण नव्हती. पहिली दहा मिनिटे मला काहीच दिसले नाही. 'बगळे आहेत, बदके आहेत,' एवढेच मी म्हणालो. धाकटा म्हणाला, "फादर, तुम्ही नीट पाहातच नाही." लेकराने सहज म्हटले, पण ते मला लागले.

कारण सेमिनरीत याच वचनाचा मूळ ग्रीक शब्द आम्हाला शिकवला होता. मत्तयने वापरलेले क्रियापद सहज नजर टाकण्याचे नाही, नजर रोखून पाहण्याचे आहे. संत लूकने तर कावळ्यांचे उदाहरण देताना जो शब्द घेतला आहे त्याचा अर्थ नीट विचारात घेणे, लक्षपूर्वक समजून घेणे असा होतो. परीक्षेत मी हे लिहिले होते, गुणही चांगले मिळाले होते. गुरुदीक्षेनंतर या उताऱ्यावर कितीतरी वेळा प्रवचन दिले. पण प्रभूने जे करायला सांगितले ते एकदाही केले नव्हते. तो उपमा देऊन थांबला नाही, त्याने आज्ञा दिली की पाहा. आणि मी पाखरांकडे न पाहताच लोकांना पाखरांविषयी सांगत होतो. ही माझी कबुली.

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या आयुष्याची दिशा एका चिमणीने बदलली, हे तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. उचलून पाहतात तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथून पुढे जन्मभर पाखरांकडे पाहत राहिला. चिमण्या आपण सगळेच बघतो. त्याने एकच चिमणी पाहिली, पण नीट पाहिली.

मग आम्हीही पाहायला लागलो.

काठावरच्या वाळक्या फांदीवर एक खंड्या बसला होता. थोरल्याने त्याचे सूर मोजले. आम्ही पाहत होतो तेवढ्यात खंड्याने नऊ वेळा पाण्यात सूर मारला. सात वेळा रिकाम्या चोचीने परत आला, दोनदा मासा मिळाला. पलीकडे पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. उथळ पाण्यात एक राखी बगळा इतका निश्चल उभा होता की तो लाकडाचा ओंडकाच असावा असे मला वाटले. दूर पाण्यावर चक्रवाकाची नारिंगी जोडी होती. ही पाखरे लडाख, तिबेट, मध्य आशिया अशा थंड प्रदेशांत अंडी घालतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात.

म्हणजे पाखरे पेरत नाहीत हे खरे, पण ती स्वस्थही बसत नाहीत. पिता त्यांना खाऊ घालतो, पण घरट्यात आणून देत नाही. प्रभूने पाखरांचा दाखला दिला तो आळसासाठी नव्हे. आपल्या शेतकऱ्याला कष्ट करायला कोणी शिकवण्याची गरज नाही. पाखरापेक्षा तो कमी राबत नाही. खंड्याचे सातही सूर फुकट गेले तरी त्याने आठवा सूर मारला. सोयाबीन तिसऱ्या वर्षी काळे पडले तरी चौथ्या वर्षी पेरणी करणारा माणूस मी याच जिल्ह्यात पाहिला आहे.

मग त्या भाऊंच्या प्रश्नाचे काय? पाखराला कर्ज नसते हे तर खरेच.

साधारण चारच्या सुमारास उत्तर आमच्या डोळ्यांसमोर घडले. पाण्याच्या मधोमध काळ्या पाखरांचा एक मोठा घोळका विखरून चरत होता. अंग काळे आणि कपाळावर पांढरा टिळा. धाकट्याने वहीतले चित्र लावून पाहिले आणि ओरडला, "फादर, वारकरी!" या पाखराला मराठीत वारकरी म्हणतात हे मला माहीतच नव्हते. इतक्यात पलीकडच्या गवतावरून घारीसारखा एक शिकारी पक्षी पाण्यावर खाली उतरत आला. तो भोवत्या होता. दूरदूर पसरलेले ते वारकरी क्षणात पाय आपटत, पाणी उडवत एकमेकांकडे धावले आणि त्यांचा एकच काळा गठ्ठा झाला. भोवत्याने दोन घिरट्या घातल्या, तिसरी घातली. त्याला एकटा असा कोणी सापडेना. शेवटी तो निघून गेला. थोड्या वेळाने वारकरी पुन्हा पसरले आणि चरू लागले.

मुलांना गंमत वाटली. मी मात्र गप्प झालो. पाखराला सोसायटीचे कर्ज नसते, पण पाखराला भोवत्या असतो. संकट त्यालाही आहे, रोज आहे. पाखरू वाचते ते संकट नसते म्हणून नव्हे. संकटाच्या वेळी ते एकटे राहत नाही, म्हणून वाचते.

गाडीत परतताना मी मनातल्या मनात तो अध्याय पुन्हा वाचला, आणि दोन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली ही की, प्रभू येशू कर्ज न पाहिलेल्या लोकांशी बोलत नव्हता. गालीलचा शेतकरी आणि कोळी कर आणि कर्ज यांखाली दबलेला होता. म्हणून तर प्रभूच्या दाखल्यांत कर्ज वारंवार येते. कोट्यवधींचे कर्ज माफ झालेला पण आपल्या सोबत्याचा गळा धरणारा चाकर आठवा. धन्याच्या ऋणकोंचे कागद बदलून देणारा कारभारी आठवा. आणि पाखरांचा हा उतारा ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात थोडे आधी प्रभूने आपल्याला प्रार्थना शिकवली आहे. तिथे आपण ज्याला अपराध म्हणतो, त्या ठिकाणी मत्तयच्या ग्रीक शुभवर्तमानात असलेला शब्द मुळात देण्याचा, कर्जाचा आहे. काही मराठी बायबलांत तिथे 'ऋण' हाच शब्द छापलेला आहे. म्हणजे कर्जाविषयी बोलून झाल्यावरच प्रभू पाखरांकडे वळला. आमच्या भाऊंचा प्रश्न त्याला नवा नव्हता.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. मराठीत 'तुम्ही' हा शब्द एका माणसाला मानाने हाक मारतानाही वापरतात आणि अनेकांनाही. त्यामुळे 'चिंता करू नका' हे वचन ऐकताना प्रत्येकाला वाटते की हे मला एकट्याला सांगितले आहे. मग एकटा माणूस घरी जाऊन एकटाच चिंता न करण्याचा प्रयत्न करतो. ते त्याला जमत नाही, आणि आपला विश्वासच कमी पडला असे वाटून तो आणखी खचतो. ग्रीक भाषेत ते अनेकवचन आहे. प्रभू समुदायाशी बोलत आहे. तुम्ही सगळे मिळून असे राहा की तुमच्यातल्या कोणाला उद्याची चिंता एकट्याने वाहावी लागू नये, असा त्याचा अर्थ मला आता दिसतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन येते, की त्यांच्यात कोणी गरजवंत उरला नव्हता. ते याच वचनाचे पालन होते.

संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण मी त्या प्रार्थनासभेत सांगितली होती, पण अर्धीच. सगळ्या सृष्टीची तरतूद देव करतो, असे ते शिकवतात. पण ती तरतूद प्रत्यक्षात आणताना देव आपल्या निर्मितीलाही त्यात वाटा देतो, असेही ते शिकवतात. देवाचे हात तोकडे आहेत म्हणून नव्हे, तो उदार आहे म्हणून. पाखराला पिता खाऊ घालतो तो पाण्यातून, चिखलातून, गवतातून. धरण आटले, गवत जाळले, तर पित्याच्या हातातला घास आपणच हिसकावतो. माणसाला पिता खाऊ घालतो तो माणसाच्या हातून. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख आणि गरिबाचे दुःख एकत्रच ऐकायला सांगितले, ते काटेपूर्णाच्या काठावर मला नव्याने पटले.

मुलांना घरी सोडले आणि गाडी थेट त्या भाऊंच्या गावाकडे नेली. (हे मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. काही तपशील बदलले आहेत. कोण असतील याचा कृपया अंदाज बांधू नका. अशी परिस्थिती आपल्या धर्मग्रामात एकाच घरात नाही.) दिवेलागण झाली होती. भाऊ गोठ्यात होते. मी या वेळी काही शिकवले नाही. खाटेवर बसलो, वहिनींनी केलेला चहा घेतला आणि म्हणालो, "भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मला देता आलं नाही. चूक माझी होती."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोसायटीची नोटीस आली तं आली, फादर. तिची लाज नाही वाटत. पन देवळात दोन बाक समोर जो मानूस बसते, त्याचे पंधरा हजार हातउसने घेतले हायेत. दिवाळीले देतो म्हनलं होतं. नाही देता आले. शांती देतानी तो मांगं वळून पाहील, तं म्या कोन्या तोंडानं हात जोडू?"

प्रिय धर्मग्रामस्थांनो, दीड महिना मी समजत होतो की त्यांचा विश्वास डळमळला. विश्वास जागेवर होता. ते मिस्साला येत नव्हते, कारण मिस्सामध्ये आपण प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणतो आणि लगेच एकमेकांना शांतीचे चिन्ह देतो, आणि ते दोन्ही त्यांना खोटेपणाने करायचे नव्हते. आपल्यापैकी किती जण ते इतक्या गंभीरपणे घेतात?

त्यांच्या संमतीने दुसऱ्या दिवशी मी त्या दुसऱ्या गृहस्थांशी बोललो. ते चकित झाले. म्हणाले, "फादर, मला वाटलं ते माझ्यावर नाराज आहेत, म्हणून मीच त्यांना टाळत होतो." एक माणूस लाजेने दूर, दुसरा गैरसमजाने दूर. कर्ज पंधरा हजारांचे, पण त्याने दोन घरे तोडली होती. दोघेही आता बोलत आहेत. पैसे कधी आणि कसे द्यायचे ते त्यांनी आपसांत ठरवले. कर्ज फिटलेले नाही, सोसायटीची नोटीसही तशीच आहे. पण भाऊ आता एकटे नाहीत.

आपला वाशिम जिल्हा २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष पॅकेज दिलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. त्या दुःखाची झळ आपण सर्वांनी जवळून पाहिली आहे. सरकारने काय करावे, भाव किती मिळावा, हे प्रश्न मोठे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. प्रार्थनेने हमीभाव वाढत नाही, हे मला कळते. पण भोवत्या एकट्या पाखराला शोधतो, आणि आपल्या बाकांवर कोणी एकटे पडू नये हे तर आपल्या हातात आहे.

हे जमणारे काम आहे, याला इतिहास साक्षी आहे. १९१८ साली वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने तिथल्या कॅथॉलिक लोकांनी सहकारी तत्त्वावर संस्था उभी केली. आजची बेसिन कॅथॉलिक बँक ती हीच. त्याच्याही आधी, १९०९ साली, छोटानागपूरच्या आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी येशूसंघीय धर्मगुरू फादर हॉफमन यांनी सहकारी पतसंस्था सुरू केली होती. आपण त्यांच्या तुलनेत मूठभर आहोत. पण वारकरी पाखरू तरी कुठे मोठे असते?

म्हणून या आठवड्यासाठी तीन विनंत्या करतो.

पहिली, ज्यांचे कोणाकडे पैसे येणे आहे त्यांनी या आठवड्यात त्या घरी एकदा जावे. मागायला नव्हे, चहा प्यायला.

दुसरी, ज्यांच्यावर देणे आहे त्यांनी लाजेने मिस्सा चुकवू नये. हे मंदिर देणे फेडलेल्यांचे नाही. आपण सगळेच इथे ऋण सोडवून घ्यायला येतो.

तिसरी, आपल्यातले जे बँकेत, शाळेत किंवा सरकारी कचेरीत काम करतात त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास सभागृहात थांबावे. पीकविम्याचे, कर्जाचे, नोटिशीचे कागद घेऊन ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. कागद वाचून समजावून सांगणे हीसुद्धा दया आहे. आणि कोणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचा विचार येत असेल, तर रात्री-अपरात्री माझे दार ठोठवा. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे, त्यावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. घरात हा क्रमांक लिहून ठेवा.

आणि एक छोटी गोष्ट. एखाद्या दुपारी वेळ मिळाला तर मुलांना घेऊन जवळच्या तलावावर किंवा धरणावर जा. आरडाओरड करू नका, प्लास्टिक टाकू नका, नुसते बसा आणि पाहा. पहिली दहा मिनिटे काही दिसणार नाही. तरी उठू नका.

धाकट्याच्या वहीत आता अकरा पक्षी झाले आहेत. वारकऱ्याच्या चित्राखाली त्याने लिहिले आहे, 'हे पक्षी संकटात जवळ जवळ येतात.' माझ्या वीस मिनिटांच्या प्रवचनापेक्षा ते एक वाक्य मला अधिक बरे वाटले.

आकाशातल्या पाखरांना खाऊ घालणारा पिता तुम्हा सर्वांचे, तुमच्या शेतशिवाराचे आणि तुमच्या लेकरांचे रक्षण करो, आणि त्याच्या तरतुदीत आपल्यालाही वाटा देवो. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू